नऊ नंबरची नळी

सोमवार, ३

ही वही यांनी आणली. झोप लागत नाही म्हणून मी सारखी कुरकुरते, तर म्हणे, "मनातलं लिहून काढ, डोकं हलकं होईल." डोकं हलकं होईल तेव्हा होईल, आधी वहीच परत करायला हवी. रेघा वाकड्या छापल्यात. पानाच्या मधोमध आल्या की ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या झोल खातात. यांना दाखवलं. यांनी कपाटातून स्टीलची पट्टी काढली, रेघेवर ठेवली आणि म्हणाले, "सरळ आहेत गं." तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, बायको चूक हे दाखवायला पट्टी हाताशी घेऊनच बसलेला असतो. दुकानदाराने गळ्यात मारली आणि यांनी घेतली, झालं.

माझं कामच सरळ रेषेचं, म्हणून एवढं टोचतं. आमच्या प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत धावतो आणि बोटाएवढ्या लांबीच्या क्वार्ट्झच्या नळीतून जातो. नळीचं भोक दीड मिलिमीटर. झोत सलग नसतो, पुंजक्यापुंजक्यांनी येतो. पुढचा मोठा पुंजका नळीतून गेला की त्याच्यामागे लाट उठते. मागचा छोटा पुंजका त्या लाटेवर नेमक्या जागी आला तर त्याला ढकल मिळते, त्याची ऊर्जा वाढते. ऐकायला किती छान! पण पुढचा सरळ जाईल तर ना. जरा मध्य सुटला की तो भिंतीकडे ओढला जातो आणि नळी काळी. म्हणून नळीत विरळ वायू सोडायचा, विजेचा झटका द्यायचा. त्याचा प्लाझ्मा होतो आणि तो पुंजक्यांना चहूबाजूंनी आवळून मधोमध धरतो. निदान कागदावर धरतो.

नळी झोताच्या रेषेत बसवायची ती मी. एकतीस वर्षं. दुर्बिणीला उजवा डोळा लावायचा आणि नळीची दोन्ही तोंडं आतल्या तारांच्या फुलीच्या मधोमध एकात एक दिसेपर्यंत चार स्क्रू फिरवत राहायचं. व्हॅक्यूमचे पंप सांभाळणारा आमचा पंपोबा मला ओळंबा म्हणतो. माझ्या पाठीमागे.

सध्या सगळी धावपळ काडीसाठी. काडी म्हणजे आमची पीएचडीवाली, अंगाने तशीच. सात वर्षं झाली तिला. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपते. सत्तावीस तारखेला बाहेरची समिती येणार आहे. प्लाझ्मा भरलेल्या नळीत मागच्या पुंजक्याची ऊर्जा खरंच वाढली हे तिने दाखवलं तर पदवी, नाहीतर सात वर्षं पाण्यात.

बुधवार, ५

आठ नंबरची नळी गेली. प्लाझ्मा पेटायला क्षणभर उशीर झाला, पुंजका भिंतीला लागला. बाहेर काढली तर आतून चुलीच्या धुराड्यासारखी. आता दोनच उरल्या, नऊ आणि दहा. नवीन मागवायच्या तर चार महिने.

जेवायच्या वेळी काडीने डबा उघडला, बघितला, बंद केला. मी म्हटलं, "जेव गं बाई, उपाशी राहून नळी पांढरी होत नाही." म्हणाली, "ताई, नववी तुम्हीच बसवा हं. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कंबर अशी भरून आलीय की बसले तर उठवत नाही.

शुक्रवार, ७

नऊ नंबर बसवली. एरवी तासाभराचं काम, आज तीन तास लागले. दुर्बिणीची काच तीनदा पुसली तरी मधोमध धुकं. फुलीच्या तारा थरथरल्यासारख्या दिसत होत्या. शेजारच्या हॉलमधलं यंत्र हादरे देत असणार, दुसरं काय. शेवटी तोंडात तोंड बसलं.

आमच्याकडे प्रत्येक नळीचं एक कार्ड असतं. बसवणाऱ्याने "सरळ" लिहून सही करायची. खाली दुसरा रकाना, "दुसरी नजर". म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दुर्बिणीतून बघून सही करायची. मी बसवलेल्या नळीला वीस वर्षांत कुणी दुसऱ्यांदा डोळा लावलेला नाही. काडी बिस्कीट खात आली, म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना?" आणि उभ्याउभ्या सही केली. मी पण काही म्हटलं नाही. मला ते आवडतं, हेही लिहून ठेवते.

रविवार, ९

सुताराने मधल्या दाराची चौकट बसवली आणि पैसे घेऊन गेला, तीही वाकडी! मधोमध पोट आलंय. मी फोन करून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, "ताई, गुण्या लावून बसवलीय." यांनी परत पट्टी आणली, मग गुण्या आणला, मग दोरीला कुलूप बांधून सोडलं.  मी म्हटलं, "बोला की, नाचता येईना अंगण वाकडं असंच म्हणायचंय ना?" तर नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या का एकदा?"

चष्मा गेल्या वर्षीच बदललाय. रिटायर झाल्यापासून यांना कुणालातरी कुठेतरी न्यायचंच असतं.

मंगळवार, ११

झालं! सात वर्षांचं आज झालं.

झोताच्या वाटेच्या शेवटी एक चुंबक आहे, तो पुंजक्याला खाली वाकवतो. ज्याची ऊर्जा जास्त तो कमी वाकतो, म्हणजे पडद्यावर त्याचा हिरवा ठिपका वर पडतो. सकाळी अकराला प्लाझ्मा पेटवला आणि मागच्या पुंजक्याचा ठिपका चक्क पाच मिलिमीटर वर. पुन्हा केलं, पुन्हा वर. बारा वेळा वर. काडीचे गाइड, आमचे सर, त्यांनी खुर्ची मागे ढकलली, ती पंपोबाच्या पायावर. काडी आधी हसली, मग तोंडावर हात धरून ढसाढसा रडली. बाबांना फोन केला तर "बाबा, वर गेला" एवढंच म्हणत होती, त्या माणसाला काय कळलं असेल देव जाणे. मग येऊन माझ्या गळ्यात पडली. हाडंच टोचली.

घरी आले आणि बूट न काढता पलंगावर आडवी झाले. आनंद झालाय, पण अंगात तो ठेवायला जागा नाही.

शुक्रवार, १४

आज एक बारीकसं झालं, ते डोक्यातून जात नाही.

काडीने मागच्या पुंजक्याची वेळ मुद्दाम चुकवली. लाटेवर ढकल मिळते त्या जागेऐवजी ब्रेक लागतो त्या जागी टाकला. तिथे ऊर्जा कमी व्हायला हवी, ठिपका खाली यायला हवा. तर वरच गेला. तेवढाच वर. तिने तीनदा केलं. पंपोबा म्हणाला, "चुंबकाच्या तारा उलट्या जोडून बघा, म्हणजे ऊर्जा आहे का नुसता धक्का आहे ते कळेल." तारा उलट्या करायच्या तर किरणं अडवणारी जाड भिंत उघडायची, परवानग्या घ्यायच्या, अख्खा दिवस जाणार. सर म्हणाले, "प्लाझ्मात वेळेचं गणित बदलतं, आता नको ते उकरायला. सत्तावीस तोंडावर आलीय. नळी तिरकी असती तर धक्क्याची शंका घेतली असती. ती ताईंनी बसवलीय."

चहाच्या वेळी काडी माझ्याजवळ आली. अगदी हळू विचारलं, "ताई, रागावू नका. नळी सरळ आहे ना?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तू शाळेत पाढे म्हणत होतीस तेव्हापासून मी नळ्या बसवतेय. सरळ आहे की नाही हे तू मला विचारणार?" सगळ्यांसमोर. तिचा चेहरा एवढासा झाला. "सॉरी ताई, तसं नव्हतं म्हणायचं," म्हणून निघून गेली.

जास्तच बोलले. पण हल्ली थकवा इतका आहे की तोंड आधी सुटतं.

सोमवार, १७

चहा कपात ओतला तो बशीत गेला. बशीतून टेबलावर. यांनी फडकं आणलं, पुसलं. मग फोनवर कुणाशी तरी बोलले आणि येऊन सांगितलं, "बुधवारी चार वाजता डोळ्यांचा डॉक्टर. मी बरोबर येतोय. भांडायचं असेल तर रस्त्यात भांडू."

काडी दिवसभर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहितेय. मला काही विचारत नाही. "ताई, चहा?" एवढंच.

बुधवार, १९

डॉक्टरांची खोली बेताची, भिंतीला हिरवा रंग, एक स्टूल, एक पंखा खडखडणारा. पोरगेलासा डॉक्टर. त्याने हातात एक कागद दिला. त्यावर चौकटी चौकटी, मधोमध काळा ठिपका. म्हणाला, "डावा डोळा झाका, ठिपक्याकडे बघा. घरं कशी दिसतात?"

मी म्हटलं, "छपाई नीट करून घ्या. मधली घरं सगळी वाकलीत. आणि ठिपक्यापाशी डाग पडलाय."

त्याने कागद काढून घेतला नाही. म्हणाला, "आता उजवा झाका."

तोच कागद. माझ्याच हातात. घरं सरळ.

मी परत डावा झाकला. वाकडी. परत उजवा. सरळ. पाच-सहा वेळा तेच करत बसले. हे स्टुलाशेजारी उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो तसाच. डॉक्टर सांगत होता की डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे, पाणी साचलंय, इंजेक्शनं घ्यावी लागतील, आहे ते टिकेल, कदाचित थोडं सुधारेल, वर्षभर तरी हळूहळू होत आलं असणार. मी ऐकत नव्हते. मला वहीच्या रेघा आठवल्या, चौकट आठवली, तो बिचारा सुतार आठवला. आणि मग बाकीचं.

रस्त्यात भांडले नाही.

गुरुवार, २०

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. नळी बाहेर न काढता दुर्बिणीत दिसावी म्हणून झोताच्या वाटेत आरसा सरकवला आणि नऊ नंबर बघितली, डाव्या डोळ्याने. डाव्या डोळ्याने आयुष्यात कधी बघितलं नाही, सवय नाही, पाणी यायला लागलं. पण दिसलं. मागचं तोंड पुढच्या तोंडाच्या मधोमध नाही. वर चढलंय. मोजलं, तीन दशांश मिलिमीटर.

एवढं तिरकं असेल तर प्लाझ्मा पुंजक्याला सरळ धरणारच नाही, धरून वर ढकलेल. ठिपका वर जाणारच. ऊर्जा वाढो न वाढो.

पाच मिलिमीटर म्हणजे काडीची पदवी नाही. पाच मिलिमीटर म्हणजे माझा डोळा.

आरसा जागेवर ठेवला. काडी जेवून आली, म्हणाली, "ताई, बघा ना, शेवटचा आलेख कसा वाटतो?" मी म्हटलं, "छान आहे." 

शुक्रवार, २१

 दिवसभर स्टोअरमध्ये स्क्रूंचे डबे लावत बसले.

शनिवार, २२

यांनी सकाळीच विचारलं, "तिला सांगितलंस?"

मी म्हटलं, "कुणाला काय?" तर वर्तमानपत्र वाचायला लागले. मग मीच सगळं ओकले. नळी, तीन दशांश, चौदा तारखेला मी तिच्यावर कशी खेकसले ते. वर म्हटलं, "पाच दिवस राहिलेत. समितीला काही कळणार नाही, चुंबक उलटा कुणी करणार नाही. पोरीच्या आयुष्याचं भलं होईल. आणि सांगितलं तर तिचीच सही आहे खाली, दुसरी नजर म्हणून. न बघता केलेली. मी एकटी नाही, तीही खड्ड्यात जाईल."

हे म्हणाले, "हे तू तिच्यासाठी म्हणतेयस की स्वतःसाठी?"

मला इतका राग आला की वाटी आपटली. जन्मभर मुलांच्या चित्रातल्या चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या, आता माझ्या दाखवायच्या. मग रडले. खरं म्हणजे स्वतःसाठीच. एकतीस वर्षांत मला एकच गोष्ट येत होती, आणि ती गेली. ती गेलीय हे कुणाला कळू नये असं वाटत होतं. पोरीचं भलं वगैरे मागाहून सुचलं.

सोमवार, २४

सांगितलं.

साडेआठला, कुणी यायच्या आत. काडी संगणक चालू करत होती. मी म्हटलं, "थांब जरा. नऊ नंबरची नळी वाकडी आहे."

आधी हसली. मी हसत नाही हे बघून विचारलं, "किती?"

"तीन दशांश. वर."

तिचे ओठ हलायला लागले, मनातल्या मनात हिशेब करत होती. तो कुठे पोचला तेही मला दिसलं. खुर्चीत बसली.

"कधीपासून?"

"बसवली तेव्हापासून. माझ्या उजव्या डोळ्याला सूज आहे. रेषा वाकड्या दिसतात. मला बुधवारी कळलं."

"बुधवारी?" म्हणाली. "आज सोमवार आहे."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला." तिचा आवाज वर गेला नाही, हेच वाईट होतं. "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. मला शंका होती. तुम्ही माझ्यावर ओरडलात आणि मला वाटलं, माझंच चुकतंय. मी स्वतःची शंका टाकून दिली तुमच्यासाठी."

 माफी मागितली. ती ऐकली की नाही कुणास ठाऊक. तिने कार्ड काढलं, खालच्या सहीवर बोट ठेवलं. "आणि ही सही माझी आहे," म्हणाली. "मी डोळासुद्धा लावला नव्हता."

सर आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मला रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावते तर बरं. म्हणाले, "नळी थोडी तिरकी आहे, कबूल. म्हणजे थोडी शंका आहे. शंका कुठल्या प्रयोगात नसते? सात वर्षं झालीत पोरीची." त्यांनाही तिचं भलंच करायचं होतं. मी शनिवारी जे बोलले तेच ते बोलत होते, शब्द बरे होते इतकंच.

काडी म्हणाली, "सर, उद्या चुंबक उलटा करू."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, २५

सकाळभर भिंत उघडणं, परवानगीचे कागद, मनगटाएवढ्या जाड तारा इकडच्या तिकडे. पंपोबाने एकट्याने निम्मं काम केलं. 

उलटा चुंबक पुंजक्याला वर वाकवतो. म्हणजे खरंच ऊर्जा वाढली असेल तर ठिपका आता खाली यायला हवा. पावणेतीनला प्लाझ्मा पेटवला. ठिपका वर गेला. पाच मिलिमीटर. परत पेटवला, वर. काडी या वेळी बारावर थांबली नाही, वीस वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी वेळ टाकून वहीत लिहिलं, "वर." अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं. मग पेन ठेवलं, बाहेर गेली आणि अर्ध्या तासाने तोंड धुऊन आली.

म्हणाली, "दहा नंबर आहे अजून."

सर म्हणाले, "एका दिवसात?"

"एक दिवस आहे."

बुधवार, २६

आज काडीने नळी बसवली. मी शेजारी स्टुलावर बसून सांगत होते. स्क्रू कसा पाव फिरवायचा, मग हात काढून दहा आकडे मोजायचे, मगच बघायचं. श्वास सोडून बघायचं. पण दहा मोजून व्हायच्या आतच तिचा डोळा परत दुर्बिणीला. मला वाटत होतं तिला बाजूला सारावं आणि स्वतः बसावं, हात तसे उठतही होते. मांडीखाली दाबून बसले. अकराला म्हणाली, "झाली."

कार्डावर तिने "सरळ" लिहिलं, सही केली, आणि सवयीने कार्ड माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या नजरेचा रकाना. मी पेन घेतलंच नाही. म्हटलं, "मी बघून काय उपयोग? डाव्याला अजून सवय नाही, उजवा खोटं बोलतो. पंपोबाला बोलाव."

पंपोबा आला तो हात पुसत. वीस वर्षं या हॉलमध्ये, दुर्बिणीला डोळा पहिल्यांदा लावला. हा डोळा, तो डोळा, चष्मा वर, चष्मा खाली, आमचा जीव टांगणीला. दहा मिनिटांनी म्हणाला, "मला यातलं कळत नाही. पण मागचं भोक जरा डावीकडे नाहीये का?"

काडीने बघितलं. होतं. केसभर, पण होतं. तिने परत स्क्रू फिरवले, पंपोबाने परत बघितलं, मग सही केली. रकान्यात मावेना एवढी मोठी.

दुपारी कालच्या उलट्याच चुंबकावर चाळीस वेळा, मग तारा बदलून चाळीस वेळा सरळ; परवानग्या कालच्याच चालल्या म्हणून एवढ्यात झालं. एकदाही पुंजका भिंतीला लागला नाही. प्लाझ्माने धरून ठेवला, अगदी मधोमध. सरळ चुंबकात ठिपका वर गेला, उलट्यात खाली आला. पण किती? अर्ध्या मिलिमीटरलाही कमी. ठिपका स्वतःच तेवढा जाड. चाळीस वेळांची सरासरी काढली तेव्हा कुठे दिसतं की आहे काहीतरी. सर पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, "खरी आहे. पण फार थोडी आहे." काडी म्हणाली, "हो."

गुरुवार, २७

समितीत तिघं होते. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. काडीने सुरुवातच नऊ नंबरने केली. पाच मिलिमीटरचा आलेख लावला आणि म्हणाली, "सोमवारपर्यंत हा माझा निष्कर्ष होता. तो चूक आहे. नळी तिरकी होती आणि दुसऱ्या नजरेची सही मी न बघता केली होती." माझं नाव घेतलं नाही. नळी कुणी बसवली हे कुणीतरी विचारेल आणि मी हात वर करेन म्हणून तयार होते. कुणी विचारलं नाही, तरी मी केला. म्हटलं, "मी बसवली होती." तिघंही वळून बघायला लागले. मग परत पडद्याकडे वळले.

निकाल दुपारी कळला. प्लाझ्मा पुंजक्याला धरतो, तो भाग मान्य. ऊर्जा वाढली, तो भाग पुरेसा नाही, पुन्हा मोजा. सहा महिने मुदत. शिष्यवृत्ती मिळणार नाही.

शुक्रवार, २८

सकाळी पहिलं इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर माणूस मरतो अशी माझी समजूत होती, पण मुंगी चावल्यासारखं झालं. हेच जास्त घाबरले होते. डोळ्यावर पट्टी बांधून दुपारी हॉलवर गेले. मला आता नळ्या बसवायला देणार नाहीत, सरांनी नीट शब्दांत सांगितलं. स्टोअर आणि कार्डं बघा म्हणाले. हो म्हटलं.

काडी मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. माझी पट्टी बघितली, विचारलं नाही.  मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी काल पास झाले असते."

"हो."

"आणि मला कधीच कळलं नसतं."

"बहुतेक नाही."

"मग का सांगितलंत?"

 यांनी विचारलं म्हणून, झोप लागत नव्हती म्हणून, ते सगळं खरंच होतं. पण मी म्हटलं, "तू मला विचारलं होतंस ना, नळी सरळ आहे का. मी ओरडले, उत्तर दिलंच नव्हतं. दहा दिवसांनी दिलं. आणि त्यातले पाच दिवस तर मला उत्तर माहीत होतं."

ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून समोर बघत राहिली. म्हणाली, "मला अजून राग आहे तुमचा. खूप आहे."

"असू दे," मी म्हटलं. "असायलाच हवा."

"सोमवारी दहा नंबर काढून परत बसवायची आहे. ठिपका परवासारखाच हलतो का बघायला. तुम्ही स्टुलावर याल का?"

"माझ्या डोळ्यावर पट्टी असेल."

"बघायला नाही बोलवत," ती म्हणाली. "बघेन मी. दहा आकडे मोजायचं मी मध्येच विसरते, ते मोजायला या."

येते म्हटलं.